आमची वाटचाल : कानशीवर उभे राहिलेले दुकान

आम्ही नाशिकच्या सातपूरला चेनसॉ, म्हणजे लाकूड कापणाऱ्या साखळी-करवतीच्या, दुरुस्तीचा गाळा घेतला, तेव्हा फवारणी यंत्रे आणि पंप उघडणारे कारागीरच ही यंत्रेही उघडत असत आणि साखळीची धार म्हणजे ग्राइंडरवर दात घासणे, अशी सर्वत्र समजूत होती. आम्ही मात्र पहिल्या दिवसापासून हाताच्या गोल कानशीवरच विसंबलो. ०.३२५ इंच पिचच्या (पिच म्हणजे साखळीच्या कड्यांमधल्या अंतराचे माप) साखळीला ४.८ मिलिमीटरची कानस, तीन-अष्टमांश इंचाच्या लो प्रोफाइल, म्हणजे ठेंगण्या दातांच्या, साखळीला ४ मिलिमीटरची, प्रत्येक दाताला ३० अंशांचा कोन आणि सारखेच हात, ही शिस्त आम्ही कधीही मोडली नाही, आणि याचा मला आजही अभिमान आहे.

सुरुवातीची वर्षे सुरळीत गेली. पुढे आमच्यापासून हाकेच्या अंतरावर एकाने स्वस्त यंत्रांचे दुकान थाटले आणि ‘जलद धार’ फुकट देऊ लागला. ती धार म्हणजे काय, हे या धंद्यातल्यांना सांगायला नको : तो रेकर खोलवर घासून टाकत असे. दाताच्या पुढचा हा उंचवटा दाताच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटरच खाली असावा लागतो, कारण दात लाकडात किती शिरेल ते तोच ठरवतो. तो अधिक खाली गेला की भुसा जाड निघतो, यंत्र आपोआप ओढल्यासारखे वाटते आणि गिऱ्हाईक खूश होते. पण क्लचवर ताण येतो, हात थरथरतात, आणि बारच्या, म्हणजे साखळी जिच्याभोवती फिरते त्या पट्टीच्या, टोकाचा वरचा भाग कशाला लागला तर यंत्र अधिक जोराने तोंडाकडे उसळते. आम्ही हे सांगत राहिलो, तर ‘हे धारेचे उगाच पैसे लावतात’ अशी आमची बदनामी झाली. आमच्या हाताखाली कानस धरायला शिकलेला कारागीरही तिकडे गेला. गाळ्याचे भाडे आणि पतसंस्थेचे हप्ते दोन्ही थकले; दुकान बंद करण्याचा विचार घरात बोलून झाला होता.

त्या काळात पेठ रोडवरचे वखारवाले अण्णा तेवढे आमच्याबरोबर राहिले. फुकट धारेचे आमिष त्यांनाही दाखवले गेले होते. ते म्हणाले, “तुमच्या धारेनं ओंडक्याला जरा उशीर लागतो, पण पोरं संध्याकाळी हातपाय शाबूत घेऊन घरी येतात, मला तेवढं पुरे.” त्यांनीच दिंडोरी आणि निफाडचे बागायतदार आमच्याकडे पाठवले, आणि आमचे दुकान त्या गिऱ्हाइकीवर पुन्हा उभे राहिले.

त्या बागायतदारांना मी जे सांगत आलो, ते इथेही सांगतो. जुनी द्राक्षबाग काढताना मंडपाच्या तारा आधी उतरवा, कारण साखळी एकदा तारेत गेली की दात संपलेच म्हणून समजा. खोड मातीलगत कापू नका. यंत्र हातात लटकवून दोरी ओढण्याची सवय सोडा : ते जमिनीवर ठेवून, ब्रेक लावून, मागच्या मुठीत पायाचा चवडा देऊन सुरू करा, आणि खांद्याच्या वर कधीही चालवू नका. इंधन कंपनीने सांगितलेल्या प्रमाणातच मिसळा. ५०:१ म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल. बारला गाडीचे काळे, जळके ऑइल घालू नका, त्याने बारची खाच आणि ऑइल पंप दोन्ही जातात. धार लावताना बार उलटून बसवत जा, म्हणजे एकच कड झिजत नाही. रेसचा खटका सोडल्यावरही साखळी फिरत राहिली, तर ते यंत्र त्या दिवशी झाडापाशी नेऊ नका.

त्या ‘जलद धारे’च्या साखळ्या अजूनही आमच्याकडे येतात. घासलेला रेकर परत वाढत नाही, म्हणून दातच मागे घासून उंचीचा फरक जुळवावा लागतो आणि साखळीचे आयुष्य तेवढे कमी होते. दात झिजेच्या खुणेपर्यंत आलेला असेल, तर आम्ही ती साखळी धारेला घेत नाही, मग गिऱ्हाईक कितीही नाराज होवो.