आखाजीपर्यंत पट कच्चाच

शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष मी कशी झाले ते आधी सांगते. कायद्याप्रमाणे समितीत पाऊण हिस्सा पालक लागतात आणि निम्म्या बायका. त्या पालकसभेला बायका आलो होतो अकरा. दहा जणींना कापूस वेचायला जायची घाई. मी पडले शिवणकाम करणारी, घरीच असणारी. "वहिनी रिकाम्याच असतात," असं कुणीतरी म्हणालं आणि ठराव झाला. दिवाळी तोंडावर होती, घरी चाळीस ब्लाऊज कापून पडले होते, आणि मी म्हणे रिकामी!

आमची शाळा अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठी. जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी. दोन खोल्या, एक सर, एक मॅडम आणि अंगणात निंबाचं झाड. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या फेब्रुवारीत, सरांनी मला हजेरीपट दाखवला तेव्हा त्यात २३ नावं होती. चौथीची सहा पोरं जूनमध्ये बाहेर पडणार. राहिली १७. सर एवढंच म्हणाले, "वहिनी, वीसच्या वर राहायला पाहिजे."

वीसच्या खाली गेलं की काय होतं हे गावात सगळ्यांना अर्धवट माहीत असतं. दुसऱ्या शिक्षकाचा प्रश्न निघतो. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची टूम निघाली होती, तेव्हा वरून नंदुरबारच्या तोरणमाळचं उदाहरण देत होते. तोरणमाळ डोंगरातलं, तिथली गोष्ट वेगळी. आमची पहिलीतली पोरगी गाडीत बसून चार किलोमीटरवरच्या शाळेत जाईल हे तिच्या आजीला कोण पटवणार? त्यापेक्षा चार पोरं आणणं सोपं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

पहिलं काम गॅदरिंगचं. ते होळीच्या आधी उरकायचं, कारण होळीनंतर गहू-हरभऱ्याच्या काढणीत माणूस सापडत नाही. सरांनी मोबाइलवर नाचाची गाणी काढून ठेवली होती, सगळी लग्नाच्या वरातीतली. मी म्हटलं, एक तरी आपल्याकडचं असू द्या. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, झोक्याची गाणी आमच्या सासूबाईंना शंभर येतात. सासूबाईंना विचारलं तर त्या चिडल्याच. "आखाजीना गाना फागुनमा? लोके हासतीन!" त्यांचंही बरोबर. गौराई बसते चैत्रात, गाणी तेव्हापासून सुरू होतात. संक्रांतीला गणपतीची आरती म्हणण्यासारखंच झालं हे. दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना आपणहून म्हणाल्या, म्हणायचं नाही, पण पोरींना शिकवायला काय हरकत आहे. आखाजीपर्यंत पाठ तर व्हायला पाहिजेत ना!

नऊ पोरींची लुगडी माझ्याकडे आली. जुन्या पाच सहावारी साड्या मिळाल्या. एका सहावारीत लहान पोरींची दोन लुगडी निघतात, पण काठ वाचवावा लागतो, कारण पदर आणि निऱ्या दोन्हीकडे काठ दिसला नाही तर लुगडं वाटत नाही, परकर वाटतो. निऱ्या मी मशीनवर पक्क्या शिवल्या आणि कमरेला नाडीऐवजी इलॅस्टिक घातलं. सात वर्षांची पोर नाचताना निऱ्या सांभाळत नाही, हे मला स्वतःच्या लहानपणापासून ठाऊक आहे. पोरांसाठी पांढऱ्या टोप्या आणि उपरणी. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

खरी परीक्षा मानपानाची. नारळ कुणी फोडायचा? आजी सरपंच की माजी सरपंच? दोघांचं वर्षभर बोलणं नाही. एकाला बोलावलं तर दुसऱ्याचं अख्खं भाऊबंद येणार नाही, आणि त्या भाऊबंदात पहिलीत घालण्याजोगी दोन पोरं. (मी तोवर माणसांकडे पट म्हणूनच बघायला लागले होते.) शेवटी खिचडी शिजवणाऱ्या मावशींच्या हाती नारळ दिला. अकरा वर्षं त्या शाळेची चूल सांभाळतात, त्यांच्यावर कोण रुसणार? मावशींनी एका दणक्यात फोडला आणि अर्धी वाटी तिथेच ओच्यात टाकली. सानेगुरुजींच्या फोटोला हार मॅडमनी घातला. गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात शिक्षक होते, त्यामुळे आमच्या तालुक्यात त्यांचा फोटो लावायला कुणाची परवानगी लागत नाही.

स्टेज म्हणजे दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या एकमेकींना लावून वर फळ्या. झोक्याचं गाणं सुरू झालं आणि दुसऱ्या ओळीलाच एक नाना दहाची नोट घेऊन वर चढले. माइक थांबला. "अमुक यांच्याकडून दहा रुपये बक्षीस." पुन्हा पहिल्यापासून. दोन ओळी झाल्या की दुसरे आप्पा वीस घेऊन. पुन्हा माइक. पोरी लुगड्यात हात वर करून तशाच उभ्या. तीनदा गाणं पहिल्यापासून सुरू झालं आणि तीनदा अडलं. चौथ्यांदा पुढच्या रांगेतून सासूबाई उठल्या, नोटा घेऊन आलेल्यांना हाताने खाली बसवलं आणि ट्रॉलीला टेकून स्वतःच म्हणायला लागल्या. फागुनात. लोक हसले नाहीत. बक्षिसाचे एकूण २,३४० रुपये जमले. त्यातून दोन मोठे माठ, तिवया आणि ओगराळी घेतली, उरलेल्यातून साऊंडवाल्याची बाकी दिली.

पाडवा रविवारी आला, ३० मार्चला. गुढीपाडव्याला पट वाढवायचा म्हणून शिक्षक सुटीच्या दिवशीही गावात. शाळेत गुढी उभारली, साखरेचे हार-कडे वाटले. त्याआधीच मी आणि अंगणवाडीच्या ताई घरोघरी फिरलो होतो. ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होणारी पोरं गावात सात निघाली. त्यातल्या पाच जणांच्या दारी इंग्लिश मिडियमची पिवळी गाडी येऊन गेली होती, टाय दाखवून. एका आईने मला स्वच्छ विचारलं, "तुमच्या शाळेत टाय आहे का?" मी म्हटलं, नाही, पण पाहिजे तर मी शिवून देते. ती हसली, पण पोरगं गाडीतच गेलं.

पाचातले दोघे परत आले. गॅदरिंग पाहून आले असं सर केंद्रप्रमुखांना सांगत होते. मला विचाराल तर गाडीचं भाडं वाढलं म्हणून आले. काहीही असो, आधीचे दोन आणि हे दोन मिळून चार. सतरा आणि चार एकवीस. सरांनी आकडा खडूने फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला आणि त्याला चौकट केली.

एप्रिलात शाळापूर्व तयारीचा मेळावा होता. नवी पोरं आईबरोबर येतात आणि एकेका टेबलाजवळून फिरतात. नाव नोंदवायचं, उड्या मारायच्या, रंग ओळखायचे, चित्रावर बोलायचं, वस्तू मोजायच्या. प्रत्येक ठिकाणी बाई त्यांच्या पत्रकावर काहीबाही भरतात. मोजण्याच्या टेबलाला मॅडम बसल्या होत्या. मॅडम परभणीकडच्या, आमच्याकडे त्यांचं पहिलंच वर्ष. समोर चिंचोके मांडलेले. एक पोरगा आला, चिंचोक्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "तीस लागनी."

मॅडम खूश. "तीस? बरं, मोजून दाखव बरं तीस."

पोरगा गप्प. पुन्हा म्हणाला, तीस लागनी. मॅडम म्हणतात, अरे हो, पण आधी एक, दोन म्हण. तिसऱ्यांदा म्हणताना त्याचा ओठ थरथरायला लागला. मी नोंदणीच्या टेबलावरून ओरडले, "मॅडम, त्याला तहान लागलीय हो!" अहिराणीत तहानेला तीस म्हणतात. पोरगा नव्या माठाकडे पळाला आणि दोन ओगराळी पाणी प्यायला. मॅडमनी त्याच्या पत्रकावर आधी काय भरलं होतं ते मी बघितलं नाही, पण त्यांनी खोडरबर मागितला हे खरं. त्या दिवसापासून त्यांनी वहीच्या मागच्या पानावर शब्द लिहायला घेतले. आठे, तठे, कथा, कितला (इथे, तिथे, कुठे, किती). पोरं मधल्या सुट्टीत त्यांना शिकवायची आणि चुकलं की खिदळायची.

बाकी एप्रिल धावपळीतच गेला. ऊन वाढलं तशी शाळा सकाळची झाली, सात ते सव्वाअकरा. वार्षिक परीक्षा ८ तारखेला सुरू आणि त्याच आठवड्यात सप्तशृंगीचा चैत्रोत्सव. खान्देशातून गडावर पायी जाणाऱ्यांची रीघ लागते, पौर्णिमेला पोचायचं म्हणून. आमच्याकडचीही दोन घरं पोरांसकट निघाली. वेळापत्रक करणाऱ्यांनी कॅलेंडर उघडलं असतं तर बरं झालं असतं. सरांनी त्या पोरांचं राहिलेलं नंतर उरकून घेतलं.

आणि मग आखाजी. ३० एप्रिलला.

आमच्याकडे आखाजी म्हणजे लेकी माहेरी, निंबाला झोके, पितरांची घागर, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. हे सगळ्यांना माहीत असतं. आमच्या शेतकऱ्यांच्या घरात त्याच दिवशी आणखी एक गोष्ट ठरते. सालदार. वर्षभर शेतावर राहून काम करणाऱ्या माणसाचं साल आखाजीला संपतं. बोलणी जुळली तर पुढच्या आखाजीपर्यंत तो तिथेच, नाही तर भांडीकुंडी, शेळ्या, पोरं घेऊन दुसऱ्या शेतावर, दुसऱ्या गावी.

आमच्या जेठांकडे, म्हणजे थोरल्या दिरांकडे, तीन वर्षं एक पावरा आदिवासी कुटुंब होतं, चोपड्याच्या पुढे सातपुड्यातलं. त्यांची दोन पोरं आमच्या शाळेत, एक पहिलीत, एक तिसरीत. फळ्यावरच्या एकवीसमधली ती दोन. संचमान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळायचे ते ठरवायला, धरतात ३० सप्टेंबरचा पट, आणि ही दोघं तेव्हा असतील की नाही हे ना गुढीला माहीत होतं, ना सरांना. ते ठरणार होतं माझ्याच घरच्या ओट्यावर.

आखाजीच्या चार दिवस आधी जेठानीकडून कळलं की बोलणी पाच हजारांवर अडलीयेत. तो वाढवून मागत होता, जेठ देत नव्हते. मी धीर करून विषय काढला. "आबा, पोरांची शाळा..." एवढंच म्हटलं. जेठ म्हणाले, "शाळेसाठी सालदार ठेवू का मी?" घरात सून असलं काही बोलत नाही. मी डोक्यावरचा पदर सारखा करून उठले.

पुढचं जे केलं ते बरोबर की चूक, मला अजून नक्की सांगता येत नाही. त्या संध्याकाळी माजी सरपंचांच्या घरून ब्लाऊज न्यायला त्यांची सून आली होती. हुक लावता लावता मी एवढंच म्हटलं की आमच्याकडचा सालदार यंदा सुटतोय, माणूस मेहनती आहे, पाच हजारांसाठी अडलंय. तिने हूं म्हटलं, पैसे दिले, गेली.

आखाजीच्या दुपारी, झोक्यावर पोरी मोठ्यांदा गात असताना (तीच गाणी, आता सगळी पाठ), मी अंगणातून पाहिलं. सालदाराची बायको डोक्यावर बोचकं घेऊन निघाली होती, मागे दोन पोरं आणि तीन शेळ्या. वाट गावाबाहेरच्या रस्त्याला न लागता नदीकडे वळली. तिकडे माजी सरपंचांचं शेत.

दुसऱ्या दिवशी, १ मेला, निकाल होता. माहेरी आलेल्या लेकी पोरांना घेऊन आपली जुनी शाळा बघायला आल्या होत्या, त्यामुळे कधी नव्हे ती अंगणात जागा पुरेना. पावऱ्याची दोन्ही पोरं नव्या शेतावरून चालत आली, पाय धुळीने भरलेले. धाकट्याने प्रगतिपुस्तक उलटं धरून मॅडमना दाखवलं. सरांनी फळा पुसला, पण कोपऱ्यातली चौकट तशीच ठेवली.

जेठांच्या शेतावर जूनपर्यंत सालदार लागला नाही, रोजंदारीवर भागवलं. ते अजूनही माझ्याशी थेट बोलत नाहीत, काही हवं असेल तर जेठानीला ऐकू जाईल असं म्हणतात. त्यांच्या मोठ्या लेकीचं लग्न ठरलंय आणि बस्त्यातले नऊ ब्लाऊज माझ्याकडेच आलेत, शिलाई न बोलता.