गोलाई संपते कुठे?

सकाळी मिस्त्रींचा फोटो आला आणि खाली एकच ओळ होती : "ताई, ही फट ड्रॉइंगमध्ये होती का?"

नव्हती. बाकाचं संगणकावरचं मॉडेल मी चारही बाजूंनी फिरवून पाहिलं होतं. ४५ मिमीचे चौकोनी पाय, २२ मिमी जाडीच्या आडव्या पट्ट्या, पट्टीची बाहेरची बाजू पायाच्या बाहेरच्या बाजूशी सपाट जुळलेली, आणि सगळ्या कडांना ६ मिमी त्रिज्येची गोलाई. फोटोत मात्र पाय आणि पट्टी भेटतात तिथे व्ही आकाराचा चर दिसत होता, तोंडाशी चांगला ६ मिमी रुंद. कामात चूक झाली, असंच आधी मनात आलं. खोटं कशाला बोलू!

फोन केला. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "पायाच्या कडा गोल करायला सांगितल्या होत्या, राउटरवरून, त्या कडा कोरायच्या यंत्रावरून, पूर्ण लांबी मारल्या. मग पट्टी बसवली. तुमच्या चित्रात गोलाई पट्टीपाशी येऊन गप्पकन थांबते. ती तिथे कशाने थांबवू, तेवढं सांगा."

मॉडेल पुन्हा उघडलं आणि फीचर ट्री, म्हणजे ते कोणत्या क्रमाने बांधलं त्याची यादी, खालून वर वाचत गेले. पाय आणि पट्टी मी आधी युनियन करून एक केली होती आणि फिलेट, म्हणजे कडांची गोलाई, त्यानंतर दिला होता. दोन्ही बाजू एकाच प्रतलात असल्यामुळे सॉफ्टवेअरने त्यांचा एकच सलग पृष्ठभाग केला. पट्टीच्या उंचीएवढी पायाची कड तिथे उरलीच नाही. जी कडच नाही तिला गोलाई कुठून लागणार? त्यामुळे गोलाई पट्टीच्या खालपर्यंत येऊन, कोपऱ्यात छान वळून, पट्टीच्या कडेत मिसळली होती. लाकूड आधी वेगवेगळं कापलं जातं, हे त्या ठोकळ्याला कुठून कळणार? सुट्या भागांच्या ड्रॉइंगवर मीच लिहिलं होतं, "सर्व कडा आर ६", म्हणजे ६ मिमी त्रिज्या.

दिसण्यापेक्षा आतलं गणित वाईट होतं. पट्टीच्या टोकाला काढलेली जीभ, म्हणजे टेनन, जाडीच्या साधारण एक तृतीयांश, ७ मिमी धरली होती. तिच्या दोन्हीकडे पायावर टेकणारा साडेसात मिमीचा खांदा राहतो. बाहेरच्या खांद्यापैकी ६ मिमी गोलाईसमोर, म्हणजे हवेत. लाकडाला टेकत होता फक्त दीड मिमी. (टेनन बसते त्या पायातल्या खाचेचे कोपरे राउटरच्या बिटामुळे, म्हणजे फिरत्या पात्यामुळे, गोल राहतात म्हणून टेननच्या कडाही मी आठवणीने गोल केल्या होत्या. तिथे हुशारी, इथे हे.)

गोलाई सांध्याच्या अलीकडे थांबवता येते, पण बिट जिथे उचलतो तिथे उतरती शेपटी राहते आणि ती पटाशीने आवरावी लागते. आठ पायांसाठी हे नको, असं दोघांचंही मत पडलं. मग पट्टीच ८ मिमी आत घ्यायची ठरली. खांदा पायाच्या सपाट भागावर टेकतो आणि पायाची गोलाई बिनधास्त वरपासून खालपर्यंत जाते.

स्केचमध्ये एक आकडा बदलला आणि दोन गोष्टी मोडल्या. पहिली, फिलेट भलत्याच कडेवर जाऊन बसला. कडांना सॉफ्टवेअर अंतर्गत क्रमांकांनी ओळखतं आणि आकार बदलला की क्रमांक सरकतात. फ्रीकॅड या मोफत मॉडेलिंग सॉफ्टवेअरमध्ये हा दोष वर्षानुवर्षं गाजला. २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत त्यावर मोठी दुरुस्ती झाली. दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. एकाच पायात काटकोनात येणारी दोन टेनन पूर्वी ३० मिमी खोल जाऊनही एकमेकांना चुकवत होती, अर्ध्या मिमीने. पट्ट्या आत सरकल्यावर जागा उरली साडेबावीस मिमी. मी टेनन २२ मिमीपर्यंत आखूड करायला निघाले होते.

"आखूड कशाला करता? टोकं पंचेचाळीस अंशांत कापा, आत एकमेकांना भिडू द्या," मिस्त्री म्हणाले.

संध्याकाळपर्यंत मॉडेल नव्याने बांधलं. प्रत्येक पाय, प्रत्येक पट्टी वेगळी बॉडी. गोलाई ज्या त्या भागावर, जोडणीच्या आधी. युनियन कुठेही नाही. मुद्दाम पट्टी परत बाहेरच्या बाजूशी सपाट आणून पाहिली. या वेळी स्क्रीनवरही फट दिसली, अगदी फोटोतल्यासारखी. मग ती ८ मिमी आत नेली आणि ड्रॉइंग पाठवलं.

दहा मिनिटांत उत्तर आलं : "पायाच्या तळाच्या कडांचं काय?"

त्या मी विसरले होते.