पीचची आकसलेली पानं आणि एचओएची नोटीस : माझा अनुभव

कॅलिफोर्नियात ज्यांच्या परसात पीच किंवा नेक्टरिन (गुळगुळीत सालीचं पीच) आहे आणि डोक्यावर एचओए, म्हणजे वसाहतीचे नियम लावणारी घरमालकांची संघटना, आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझा राग अजून पुरता गेलेला नाही.

आमच्या बे एरियात त्या वर्षी मार्चभर पावसाने पाठ सोडली नाही. एप्रिलमध्ये पीचची कोवळी पानं तळलेल्या पापडासारखी फुगली. लालबुंद, जाड, वाकवलं की कडकन मोडणारी. काउंटीच्या मास्टर गार्डनर, म्हणजे बागकामाचा सल्ला देणाऱ्या प्रशिक्षित स्वयंसेवकांच्या, हेल्पलाइनला फोटो पाठवले. त्यांनी रोगाचं नाव सांगितलं, पीच लीफ कर्ल, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आयपीएमचं (एकात्मिक कीड-रोग व्यवस्थापन कार्यक्रमाचं) माहितीपत्रक पाठवलं. सगळं फुकट. टाफ्रिना नावाची ही बुरशी सालीवर, कळ्यांवर दबा धरून असते आणि कळ्या फुटायच्या वेळी गारठा-पाऊस मिळाला की पानात शिरते. एकदा पानावर दिसली की त्या हंगामात औषध मारून काही उपयोग नाही. रोगट पानं गळतात, नवी येतात. पाणी वेळेवर द्यायचं, फळं जरा जास्त विरळ करायची आणि थांबायचं.

हे थांबणंच एचओएला कळेना.

कुंपणावरून झाड दिसतं, कुणीतरी तक्रार केली. नोटीस आली : रोगट झाडावर तात्काळ उपचार करून पावती जोडा, नाहीतर झाड काढा. मी उत्तर पाठवलं की पावती नोव्हेंबरच्या आधी मिळणार नाही, कारण औषध पानगळीनंतरच मारायचं असतं. सोबत माहितीपत्रक जोडलं. एचओएच्या ऑनलाइन पोर्टलवर शेरा आला, ‘अपूर्ण’. फोन केला. मॅनेजरबाई म्हणाल्या, ‘फॉर्ममध्ये उपचाराची तारीख रिकामी आहे.’ नोव्हेंबरची तारीख भरली तर पोर्टल ती घेईना, कारण नोटिशीची मुदत त्याआधीच संपत होती. मग सांगितलं, सर्टिफाइड आर्बोरिस्टचं (प्रमाणित वृक्षतज्ज्ञाचं) पत्र आणा. मास्टर गार्डनर सल्ला देतात, सहीचं पत्र देणं त्यांच्या कामात बसत नाही. ऐन वसंतात एका परसातल्या झाडासाठी आर्बोरिस्ट यायला तयार होईनात. शेवटी एक आले, झाड पाहिलं, नीट पत्र दिलं : रोग पीच-नेक्टरिनचा आहे, शेजारच्या गुलाबांना किंवा लिंबाला लागणार नाही, झाड काढायचं कारण नाही. पत्र अपलोड केलं. पुन्हा ‘अपूर्ण’. का, तर झाड कधी बरं होईल याची तारीख त्यात नाही! त्या दिवशी मी खरंच रडले. हे झाड मी घर घेतल्यावर पहिल्यांदा लावलेलं आहे.

मग मी पोर्टल सोडलं आणि एचओएच्या बोर्डाकडे (संचालक मंडळाकडे) सुनावणीची लेखी मागणी केली. हे आधीच करायला हवं, म्हणून ठळक सांगते : कॅलिफोर्नियाच्या सिव्हिल कोडचं कलम ५८५५ वाचा. कारवाई करण्यासाठी बैठक घ्यायची तर बोर्डाला किमान १० दिवस आधी कळवावं लागतं आणि तुम्हाला तिथे बोलता येतं. कलम ४७५० परसात स्वतःपुरती फळं-भाज्या पिकवण्याला संरक्षण देतं. वाळलेला पालापाचोळा मात्र नियमित काढायला हवा, तेवढी बाजू आपण सांभाळायची. मी दोन्ही कलमं छापून नेली. तोपर्यंत रोगट पानं गळून झाडाला नवी, स्वच्छ पालवी आली होती, तिचेही फोटो नेले. बोर्डाने नोटीस मागे घेतली. बाहेर आल्यावर कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

आता औषधाचं. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या) सुमारास पानं गळली की कॉपर, म्हणजे तांबं असलेलं बुरशीनाशक, मारायचं. पाऊस जास्त असेल तर हिवाळा संपताना, कळ्या फुगायच्या आधी, दुसरी फवारणी. बाटलीवर ‘मेटॅलिक कॉपर इक्विव्हॅलंट’चा, म्हणजे औषधात प्रत्यक्ष तांबं किती याचा, आकडा बघा : कॉपर सोपमध्ये तो १.८ टक्के असतो, कॉपर अमोनियमच्या औषधात ८ टक्के. मी ८ वालं घेते आणि त्यात १ टक्का हॉर्टिकल्चरल ऑइल (झाडांवर फवारायचं तेल) घालते. फांद्या, खोड चिंब भिजायला हवं. डोळ्यांना गॉगल हवाच. गटारात थेंब जाऊ देऊ नका, कॉपर माशांना घातक आहे. रोगट पानं तोडत बसू नका, त्याने रोग आटोक्यात येत नाही.

जर्दाळू असेल तर आणखी एक : त्याची छाटणी जुलै-ऑगस्टच्या कोरड्या दिवसांतच करा. पावसात कापलं तर कापातून युटायपाची बुरशी शिरते आणि फांद्या वाळतात.

नवं पीच लावणार असाल तर ‘फ्रॉस्ट’ जात मागा, ती या रोगाला दाद देत नाही. तरी पहिली दोन-तीन वर्षं तिलाही फवारणी लागते. आणि बोर्डाचा निर्णय लेखी मागून घ्या. मॅनेजर बदलला की मागचं कुणाला काही माहीत नसतं.