मार्गशीर्षातला गुरुवार आणि लाल वाळू

दुबईच्या सहलीत डेझर्ट सफारी कुठल्या दिवशी घ्यायची हे नवऱ्याने ठरवलं. त्याने हवामान पाहिलं, तिकिटांचे दर पाहिले, दुसऱ्या दिवशी लवकर उठायचं नाही ना तेही पाहिलं. कालनिर्णय तेवढं पाहिलं नाही. ते अहो आईंनी पाहिलं. "अगं, गुरुवार आहे की त्या दिवशी. मार्गशीर्षातला."

म्हणजे दिवसभर उपास आणि संध्याकाळी नैवेद्य दाखवून जेवायचं. घट मांडायचं काम त्या साताऱ्यात माझ्या जावेवर सोपवून आल्या होत्या, पण उपास मोडायचा प्रश्नच नव्हता. शिवाय त्यांची पाठ. मणक्यात गॅप आहे. डॉक्टरांनी रिक्षात बसतानासुद्धा जपा म्हणून सांगितलंय.

मी एजंटला व्हॉट्सॲपवर सरळ दोन प्रश्न विचारले होते. शाकाहारी जेवण असतं का? आणि ६७ वर्षांच्या बाईंना पाठीचा त्रास आहे, त्यांना चालेल का? दोन्हींना मिळून एकच उत्तर आलं, "नो प्रॉब्लेम मॅडम, सगळे सीनियर सिटिझन जातात." माणशी १५० दिरहम, शेअरिंग गाडी. आम्ही पैसे भरून मोकळे झालो.

पिकअप दुपारी पावणेतीनला होता, बर दुबईतल्या हॉटेलच्या दारातून. गाडी आली सव्वातीनला, कारण आमच्या आधी तिला दोन हॉटेलं करायची होती. शेअरिंग घेतलं की हे आलंच. पांढरी लँड क्रूझर, ड्रायव्हर पेशावरकडचा पठाण, दुबईत चौदा वर्षं काढलेला. हिंदी आपल्यापेक्षा शुद्ध. शहर मागे पडल्यावर हत्ताच्या रस्त्याला लागलो आणि तासाभरात लहबाब आलं. इथली वाळू लाल आहे. लोहाच्या ऑक्साइडमुळे तो रंग येतो. फोटोत बघताना मला वाटायचं की रंग वाढवलेत, पण प्रत्यक्षातही ती गेरूत पिवडी मिसळल्यासारखीच दिसते.

टेकड्या दिसायला लागल्या म्हणून लेक उड्या मारायला लागली, पण गाडी थांबली ती एका दुकानापाशी. हा थांबा बहुतेक सफारींत असतो आणि तो अर्धा-पाऊण तास खातो. स्वच्छतागृह इथेच करून घ्या, पुढे थेट कॅम्पवर, म्हणजे जेवणाच्या आणि कार्यक्रमाच्या तळावर. दुकानात डोक्याला बांधायचे चौकड्यांचे रुमाल असतात. तुम्ही नको म्हणेपर्यंत माणूस तो तुमच्या डोक्याला बांधूनही टाकतो, मग उतरवायला संकोच वाटतो. नवऱ्याला असाच ४० दिरहमचा रुमाल पडला. आदल्या दिवशी मीना बाजारात तसलाच रुमाल १५ ला पाहिला होता. शेजारी क्वाड बाईकची रांग. तिकिटात "क्वाड बाईक" असा शब्द होता, पण त्याच्या पुढे "ऑप्शनल" होतं, आणि ऑप्शनल म्हणजे वीस मिनिटांचे वेगळे १०० दिरहम. आम्ही नाही घेतली.

सगळ्या गाड्यांचे ड्रायव्हर इथे चाकांची हवा सोडत होते. फुस्स असा आवाज सगळीकडून. लेकीने विचारलं तेव्हा आमच्या खानसाहेबांनी तिला गेज हातात दिलं. रस्त्यावर ३५ च्या आसपास असते ती हवा त्यांनी १५ वर आणली. हवा कमी झाली की टायर पसरतो, वाळूवर जास्त जागा धरतो आणि रुतत नाही. "ऊँट का पाँव देखा है? वैसा ही," असं म्हणाले. त्या पुढच्या दोन तासांत मी उंटाचे पाय सोडून दुसरं काही नीट बघितलं नसेल. खरंच पसरट असतात, गादीसारखे.

मग ते आईंकडे वळले. त्या गाडीतून उतरताना एक हात कमरेवर ठेवून उतरल्या होत्या, ते त्यांनी पाहिलं होतं. "माँजी को कमर का मसला है?" मी एजंटचं उत्तर सांगितलं. त्यांनी मान हलवली. "एजंट को गाड़ी नहीं चलानी है, बाजी. मैं नहीं ले जाऊँगा."

क्षणभर मला रागच आला. पैसे भरलेत, आणि आता ऐन वेळी? पण नंतर जे पंचवीस मिनिटं झालं, त्यात आई असत्या तर काय झालं असतं हा विचार मला हॉटेलवर परतल्यावरही छळत होता. तर खानसाहेबांनी तिथूनच कुणाला तरी फोन लावला. तान्ही मुलं, गरोदर बायका आणि म्हातारी माणसं यांना टेकड्या टाळून, दाबलेल्या वाटेने कॅम्पवर नेणारी एक छोटी बस असते. ती यायला वीस मिनिटं लागली. तिच्यात हैदराबादची एक सात महिन्यांची गरोदर मुलगी होती. आई तिच्या शेजारी बसल्या आणि खिडकीतून आम्हाला असा हात केला, की जणू त्याच आम्हाला सोडून कुठेतरी छान जागी चालल्यात. बुकिंग करताना "डायरेक्ट कॅम्प ट्रान्सफर" हे शब्द वापरून विचारा. सोय असते, फक्त विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

आता ते ड्यून बॅशिंग, म्हणजे वाळूच्या टेकड्यांवरून गाडी वर-खाली उडवत नेणं. पट्टे बांधले, गाडीच्या आतून लोखंडी नळ्यांचा पिंजरा असतो तो बघून घेतला, आणि सात-आठ गाड्या एकामागे एक वाळूत शिरल्या. गाडी टेकडीवर चढते तेव्हा समोरच्या काचेतून फक्त आकाश दिसतं. माथ्यावर एक क्षण ती थांबल्यासारखी होते. मग नाक खाली, आणि आपण पोट वरच ठेवून खाली येतो. काही वेळा गाडी उतारावर आडवी घसरते. तेव्हा उजवीकडच्या काचेवर वाळूचा फवारा बसतो आणि बाहेरचं काहीच दिसत नाही. आंबेनळी घाटात एसटीच्या शेवटच्या सीटवर बसलेल्यांना अंदाज येईल, फरक इतकाच की इथे रस्ता नसतो. लेक "अजून, अजून" ओरडत होती. तिचा बाबा दुपारी दीड वाजता भरपेट बिर्याणी खाऊन आला होता. दहाव्या मिनिटाला तो बोलायचा थांबला. बाराव्या मिनिटाला खानसाहेबांनी आरशात बघून न बोलता कप्प्यातली पिशवी मागे दिली. त्यांच्याकडे त्या पिशव्यांची गड्डीच होती. दुपारचं जेवण हलकं ठेवा, उलटीची गोळी अर्धा-पाऊण तास आधी घ्या आणि शक्य असेल तर मधल्या रांगेत बसा. मागची रांग सगळ्यात जास्त उडते.

मध्ये एक गाडी रुतली. मागची चाकं अर्धी आत. तिच्यातले लोक उतरले, दोन ड्रायव्हरांनी हातानेच चाकांपुढची वाळू उकरली, दुसऱ्या गाडीला पट्टा लावून तिला मागे ओढलं. पुढे नाही, ज्या चाकोरीने ती आली त्याच चाकोरीने मागे. पाच मिनिटांचा खेळ. म्हणूनच कुणी एकटी गाडी घेऊन आत शिरत नाही.

सूर्यास्तासाठी गाड्या एका उंच टेकडीवर थांबल्या. डिसेंबरात तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्य जातो. चपला गाडीतच ठेवून उतरलो. मला वाळू तापलेली असेल असं वाटत होतं. वरचा थर चक्क गार होता आणि पाय आत गेला की घोट्याशी ऊब लागायची. वाळू इतकी बारीक, की चिमटीत धरली तर रांगोळी सुटावी तशी सुटते. शांतता मात्र शोधू नका. त्या एका टेकडीवर दीडशे माणसं असतील, प्रत्येकाला आपल्या फोटोत एकटं दिसायचं होतं. रुमालवाल्यांची उड्या मारण्याची स्पर्धा चालली होती. माझं मत विचाराल तर ही सफारी म्हणजे वाळवंटातली जत्रा आहे. मला जत्रा आवडते, म्हणून मला मजा आली. ज्यांना खरंच वाळवंट, शांतता, पांढरी ओरिक्स हरणं बघायचीत त्यांनी जास्त पैसे मोजून दुबईच्या डेझर्ट कॉन्झर्वेशन रिझर्व्हमधली सफारी घ्यावी. २२५ चौरस किलोमीटरचं ते राखीव क्षेत्र आहे, २००३ पासूनचं, आणि तिथे गाड्यांच्या ये-जा करण्यावर बंधनं आहेत.

कॅम्पवर पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि आई एका खुर्चीवर राणीसारख्या बसल्या होत्या. खुर्ची ही इथली दुर्मीळ वस्तू. मधे स्टेज आणि भोवती जमिनीवर गालिचे, लोड, बुटकी टेबलं. गुडघे आणि पाठ दुखणाऱ्यांनी शिरल्या शिरल्या खुर्ची मागून घ्यावी, कारण शो सुरू झाल्यावर मिळत नाही. आईंना ती हैदराबादच्या मुलीमुळे मिळाली होती. तिच्यासाठी एक आणली, तेव्हा आईंनी दोन आणवल्या.

"हा मुलगा ऐकतच नाही गं," आई म्हणाल्या. समोर पितळी किटली घेतलेला मुलगा उभा. अरबी कॉफी, गहवा. आपल्या कॉफीशी तिचं नाव सोडून काही साम्य नाही. फिकट पिवळसर, बिनदुधाची, बिनसाखरेची आणि वेलदोड्याच्या वासाची. बिनकानाच्या इवल्याशा कपात तळाला चार घोट देतात, बरोबर खजूर. खजूर उपासाला चालतो, गहवाही चालतो, म्हणून आईंनी घेतला. कप रिकामा करून पुढे केला की तो परत भरत होता. त्या "पुरे, पुरे" म्हणत होत्या, तो हसून ओतत होता. असे सहा कप झाले होते. पुरे असेल तर कप दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवायचा, ही तिकडची रीत. ते खानसाहेबांनी येऊन सांगितलं. आईंनी कप हलवला, मुलगा लगेच पुढे गेला. "एवढंच होतं होय!" असं म्हणून त्यांनी लेकीला बोलावून तिच्याकडूनही दोनदा हलवून घेतलं.

उंटावरची फेरी तिकिटात होती, पण ती फेरी म्हणजे दोरी धरलेल्या माणसामागून पन्नास पावलं. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे आपण पुढे फेकले जातो. बसतानाही तो पुढचे गुडघे आधी टेकतो, म्हणजे पुन्हा पुढेच. दोन्ही वेळा मागे रेलायचं आणि कडी सोडायची नाही. मेंदी फुकट होती, एका तळहातावर छोटी वेल. दुसऱ्या हाताला पैसे. हातावर ससाणा घेऊन फोटो काढायचे २० दिरहम. मला तो डोळ्यांवर टोपी घातलेला पक्षी दिवसभर या हातावरून त्या हातावर जाताना बघवला नाही, आम्ही काढला नाही. आणि आत येताना कुणीतरी सहज काढल्यासारखा फोटो काढतं, तो निघताना छापून समोर धरतात. ४० दिरहम. नको म्हणायला अजिबात लाजू नका.

जेवण कधी, हा खरा प्रश्न. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं, आणि दुबईत तीन दिवस काढले तरी पोट सातारच्याच वेळेवर चालतं. साडेपाचला सूर्य बुडाला तेव्हा आई म्हणाल्या, "आपल्याकडे सात वाजले, आरती झाली असेल." बुफे उघडला पावणेआठला, म्हणजे आपले सव्वानऊ. मधे फलाफल, म्हणजे हरभऱ्याचे वडे, आणि खजुराच्या पाकातले लुकेमात मिळाले. गोल, गरम, आपल्या गुलगुल्यांचे चुलतभाऊ. पण त्यात मैदा, म्हणून आईंना चालेनात. लहान मुलं बरोबर असतील तर पर्समध्ये काहीतरी ठेवाच.

शाकाहारी रांग खरोखर वेगळी होती, भांडी आणि डावही वेगळे. डाळ, मटार-पनीर, जिरा राईस, हम्मस, वांग्याचं मुतब्बल, फत्तूशची कोशिंबीर, गरम खुबूस रोटी. डाळ पातळ होती, पनीर पंजाबीपणाच्या नादात गोड. हम्मस मात्र उत्तम. मांसाहारी ग्रिल बघून नवऱ्याने फक्त दही-भात घेतला, त्याबद्दल मी पुढे काही लिहीत नाही. आईंनी आधी ताटलीत चमचाभर भात, डाळ आणि एक खजूर घेतला, डोळे मिटून हात जोडले, बाजूने पाणी फिरवलं आणि मग जेवल्या. हैदराबादच्या मुलीने विचारलं, "आंटी, आज रोजा था?" आई म्हणाल्या, "हां, वैसाच."

स्टेजवर आधी तनुरा झाला. माणूस एकाच दिशेने गरागरा फिरतो आणि त्याच्या घागऱ्याचे थर एकेक करून वर उचलतो, शेवटी त्यात दिवे लागतात. दहाएक मिनिटं तरी न थांबता फिरला. मग बेली डान्स. आमच्यासारखी कुटुंबं या वेळी ताटात खाली बघतात, पण आई नीट बघत होत्या. "पोटाला व्यायाम चांगला आहे," एवढंच म्हणाल्या. मग आगीचे खेळ. या सगळ्याला निवेदक "अरेबिक कल्चर" म्हणत होता. तनुरा इजिप्तचा, बेली डान्सही तिकडचाच. एमिराती लोकांचा स्वतःचा नाच म्हणजे वेताच्या काठ्या घेऊन समोरासमोरच्या रांगांत होणारा अय्याला, तो काही आम्हाला दिसला नाही. रमजानच्या महिन्यात बहुतेक कॅम्पवर नाच आणि मोठ्याने संगीत बंद असतं, तेव्हा जाणार असाल तर काय मिळेल ते आधी विचारून घ्या. आणि डिसेंबर-जानेवारीत शाल हवीच. आठनंतर लेक माझ्या ओढणीत शिरून बसली होती.

पावणेनऊला निघालो. परतीची वाट सरळ, आईही आमच्याच गाडीत. पंपावर खानसाहेबांनी टायरमध्ये हवा परत भरली. हॉटेलला पोचायला दहा वाजले. उतरताना नवऱ्याने त्यांना ५० दिरहम दिले, आईंनी पर्समधली चिक्कीची पुडी दिली. लोणावळ्याची.

रात्री एजंटचा मेसेज आला, टूर आवडली असेल तर फाइव्ह स्टार द्या. मी लिहिलं, ड्रायव्हरला फाइव्ह स्टार, पण पाठदुखी असलेल्यांना यापुढे "नो प्रॉब्लेम" म्हणू नका, डायरेक्ट ट्रान्सफरचं सांगा. त्यावर एक अंगठा आला.