डिस्क तीच, दुभाषी गेला

गंगावेशीतले एक फोटोग्राफर अण्णा सोमवारी शाहूपुरीतल्या माझ्या दुकानात आले, ते पिशवी छातीशी धरूनच. आत 3 टीबीची हार्ड डिस्क. 2019 च्या महापुराचे, तालमीतल्या कुस्त्यांचे, सगळे फोटो तिच्यात. डिस्कच्या बाहेरच्या डबीचं, म्हणजे केसचं, यूएसबी सॉकेट ढिलं झालं म्हणून पुतण्यानं डिस्क बाहेर काढून थेट संगणकाच्या आतल्या साटा केबलला लावली, तर संगणक विचारतोय, फॉरमॅट करू का?

"हो म्हणाला नाहीत न्हवं?" मी आधी तेवढंच विचारलं.

"न्हाई बा. तसंच बंद केलं."

माझा जीव भांड्यात पडला.

केसमध्ये नखाएवढी एक चिप असते, ब्रिज. यूएसबीवरून संगणक स्कझी नावाच्या भाषेत आज्ञा देतो आणि साटा डिस्कला कळते एटीए नावाची भाषा. ब्रिज मधला दुभाषी. वरून 'रीड 10' ही वाचायची आज्ञा आली की तो खाली 'रीड डीएमए' करून सांगतो. पण 'रीड 10' मध्ये सेक्टरच्या, म्हणजे डिस्कवरच्या एकेका कप्प्याच्या, नंबराला जागा 32 बिटांचीच. 512 बाइटच्या सेक्टरनं मोजलं तर 2.2 टीबीला नंबर संपतात. डिस्कचा कुठला भाग कुठं सुरू होतो ते लिहिलेल्या, विंडोज एक्सपीच्या काळातल्या पार्टिशन टेबलाचीही तीच अडचण. म्हणून काही ब्रिज आठ सेक्टरांची मोळी बांधतात आणि वर सांगतात, माझा सेक्टर 4096 बाइटचा.

अण्णांच्या डिस्कच्या पार्टिशन टेबलात लिहिलं होतं, फोटोंचा भाग 256 व्या सेक्टरला सुरू. ब्रिजच्या हिशेबानं ते 1 एमबीवर येतं. ब्रिज निघाला, आणि संगणक 256 ला 512 नं गुणून 128 केबीवर शोधत बसला. तिथं काहीच नाही. फोटो होते तिथंच होते, पत्ता वाचायची रीत बदलली होती. हे खोक्यावर एका ओळीत छापायला काय जातं? लोकांची आयुष्यभराची कमाई असते त्यात.

लिनक्सवर डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली, वर 4096 च्या सेक्टरचं लूप डिव्हाइस, म्हणजे ब्रिजसारखंच मोजणारी नकली डिस्क, बसवलं. फोल्डर दिसायला लागले. पहिलाच फोटो उघडला तो पाण्यात बुडालेल्या शिरोली नाक्याकडच्या रस्त्याचा. अण्णा खुर्चीतून उठून स्क्रीनजवळ आले, बोलले काहीच नाहीत.

नव्या डिस्कवर कॉपी व्हायला रात्र गेली. जुना ब्रिज पाकिटात घालून अण्णांना परत दिलाय. वर मार्करनं लिहिलंय: 'सेक्टर 4096. टाकू नका.'