येशूचा तास आणि पाच वाजता आलेले मजूर

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या म्हणून ग्रुपवर सारखे मेसेज येतायत, आणि बाकीचे सगळे गॅदरिंग, सहल नाहीतर कबड्डीच्या ढालीवर लिहिणार हे मला माहितीये, म्हणून मी मूल्यशिक्षणाच्या तासावर लिहितो. टाइमटेबलमध्ये नाव मूल्यशिक्षण, पण आपण सगळे त्याला येशूचा तासच म्हणायचो.

आत्ताच्या पोरांसाठी सांगतो, शाळा मिशनची असली तरी आमच्या वर्गात ख्रिस्ती मुलं बोटावर मोजण्याइतकी. बाकी आम्ही निफाड-दिंडोरीकडचे शेतकऱ्यांचे पोरं, पेठ-सुरगाण्याकडून आलेली होस्टेलची पोरं आणि दोन-चार मुस्लिम. अनुदानित शाळेत पालकांच्या परवानगीशिवाय धर्माचं शिक्षण देता येत नाही, घटनेच्या 28व्या कलमातच आहे ते, म्हणून जूनमध्ये संमतीचा कागद घरी यायचा. आमचे आजोबा माळकरी, पौषात त्र्यंबकला निवृत्तीनाथांच्या यात्रेला पायी जाणारे, मला वाटलं आता हा कागद काय पुढं जात नाही. तर म्हणाले, "संताची गोष्ट ऐकायला परवानगी कशाला लागती रे?" आणि सही करून मोकळे.

आमच्या मनातला येशू म्हणजे कॅलेंडरवरचा, गोरापान, निळे डोळे, कधी इस्त्री न मोडलेला झगा. बाईंनी पहिल्याच तासाला तो उतरवला. म्हणाल्या सुताराचा पोरगा होता तो, त्या देशातलं ऊन आपल्यासारखंच, हाताला घट्टे असणार आणि रंग काय असणार ते तुम्हीच ठरवा. मग त्या अशा बारीकसारीक गोष्टी सांगायच्या की तो माणूस डोळ्यासमोर यायचा. वादळात होडी बुडायला आली आणि हा मागं उशी घेऊन गाढ झोपलाय, कारण दिवसभर लोकांनी पिळून काढलाय. मित्र मेला तर रडला. पोरांना जवळ येऊ देईनात म्हणून स्वतःच्या शिष्यांवरच चिडला. मंदिरात दुकानं मांडली होती ती टेबलं उलटी केली (हा आमचा सगळ्यात आवडता भाग, परत सांगा परत सांगा म्हणायचो). आणि शेवटी शेवटी, मरून पुन्हा उठल्यानंतरची म्हणतात ती गोष्ट, मित्र रात्रभर जाळं टाकून दमून आलेत आणि हा काठावर निखाऱ्यावर मासे भाजत बसलाय, या म्हणे न्याहारी करा. चमत्कार त्या सांगायच्या, पण पटकन सांगून पुढं जायच्या. कोणाबरोबर जेवला, कोणाशी कसा बोलला, ह्याच्यावर मात्र तास संपायचा.

जक्कयची गोष्ट तर आम्ही ग्राउंडवर केली होती. यरीहोचा मोठा जकातदार, लोकांना लुबाडून पैसेवाला झालेला, उंचीनं बुटका, गर्दीत येशू दिसेना म्हणून उंबरावर चढला. आपल्या ग्राउंडच्या मागं उंबर होताच, त्यावर आमच्यातला सगळ्यात बुटका चढवला, खालून शिपाईमामा ओरडतायत उतर उतर म्हणून, गोष्टीतल्या गर्दीचं काम त्यांनी न सांगता केलं. बाई एवढंच म्हणाल्या, बघा, येशूनं त्याला लेक्चर नाही दिलं, आज तुझ्याकडं उतरतो म्हणाला. लुबाडलेलं चौपट परत करतो हे जक्कय नंतर आपणहून बोलला.

रेव्हरंड टिळकांचं नाव पण बाईंकडूनच कळलं. म्हणजे त्यांच्या कविता पुस्तकात होत्या, पण मुला-फुलांचे कवी म्हणतात तेच हे टिळक, 1895 साली ख्रिस्ती झाले आणि तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणायचे, हे पुस्तकात कुठं होतं? येशूचं चरित्र त्यांनी ओव्यांमध्ये लिहायला घेतलं, 1919 ला ते गेले तेव्हा अर्धवटच होतं, ते 'ख्रिस्तायन' त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. लक्ष्मीबाई तर आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. मी घरी ह्या ओव्या हरिपाठाच्या चालीत म्हणून दाखवल्या तर आजोबा टाळ घेऊनच बसले.

आता मेन गोष्ट. द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली गोष्ट. आमच्या पट्ट्यात हा दाखला सांगायचा म्हणजे विस्तवाशी खेळ, कारण अर्ध्या वर्गाच्या घरी द्राक्षबाग आणि होस्टेलच्या निम्म्या पोरांचे आईबाप त्याच बागांत छाटणीला, थिनिंगला (घडातले जास्तीचे मणी काढायला) येणारे. बाईंनी फळ्यावर मोठं घड्याळ काढलं. मळेवाला सकाळी अड्ड्यावर जाऊन मजूर आणतो, रोज म्हणजे दिवसाची मजुरी ठरवतो. मग नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो, आणि संध्याकाळी पाचला गेला तरी काही जण उभेच. दिवसभर रिकामे का उभे, तर म्हणे कोणी कामाला लावलंच नाही. त्यांनाही पाठवतो. आणि संध्याकाळी पाचवाल्यापासून सुरू करून सगळ्यांना सारखाच पूर्ण रोज देतो. बाईंनी खडू ठेवला आणि विचारलं, बरोबर केलं का त्यानं?

वर्ग पेटला. आम्ही बागवाल्यांची पोरं एका सुरात, हे चूक आहे, सकाळपासून उन्हात राबलेल्यानं काय करायचं. एकजण तर म्हणाला, बाई हा मळेवाला पुढच्या सीझनला बुडणार, सगळे पाचलाच येणार. तेव्हा पेठकडचा एक पोरगा उठला, तो कधी बोलायचा नाही वर्गात. म्हणाला, पाचपर्यंत कोण थांबतं माहिती का, म्हातारी माणसं आणि ज्यांच्या कडेवर लेकरू असतं त्या बाया, त्यांना गाडीत घेतच नाहीत, आणि सांज झाली म्हणून त्यांना भूक अर्धी लागत नाही. वर्ग गप्प. मग लगेच परत भांडण सुरू, पण आता दोन्ही बाजूंनी.

बाईंनी उत्तर दिलंच नाही. तात्पर्य लिहा म्हणून कधी सांगितलं नाही त्यांनी. आता माझ्या मुलीच्या मूल्यशिक्षणाच्या पुस्तकात प्रत्येक गोष्टीखाली चौकटीत तात्पर्य छापलेलं असतं, पोरं चौकट पाठ करतात आणि गोष्ट विसरतात, हे माझं मत, कोणाला पटो न पटो.

वर्गातला कोणी ख्रिस्ती झाला का असं नातेवाईक अजून विचारतात. माझ्या माहितीत तरी कोणी नाही, बाईंनी तसा विषयच कधी काढला नाही. पण तो 'पुढच्या सीझनला बुडणार' म्हणणारा आज शंभरेक माणसांचा लेबर कॉन्ट्रॅक्टर आहे आणि मी एक्स्पोर्टची बाग करतो, दरवर्षी ऑक्टोबर छाटणीला हिशोबाला बसलो की उशिरा आलेल्यांच्या रोजावरून आमची वादावादी होतेच. तो म्हणतो अर्धा दे, मी म्हणतो पूर्ण दे, आणि मग तो म्हणतो, तुला काय, तुला सांभाळायची आहेत का उद्या ही माणसं!