मिल बंद पडली आणि ५१व्या वर्षी कॉलेजात गेलो, माझा टीएए या अमेरिकन सरकारी योजनेचा अनुभव

२०१८च्या मार्चमध्ये आमची मिल बंद झाली. नॉर्थ कॅरोलायनात, हिकरीजवळ, सोफ्याचं कापड विणायची. मी तिथे लूम फिक्सर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, आपल्या इचलकरंजीच्या भाषेत जॉबर. ताईने ग्रीन कार्डाच्या भावंडांच्या कोट्यातून अर्ज केला होता, नंबर लागेपर्यंत दहा-अकरा वर्षं गेली, त्रेचाळिशीत इकडे आलो, आयटी-बियटी काही येत नव्हतं, माग येत होते. शेवटच्या दोन वर्षांत चीनहून कापडाचे तयार रोल यायला लागले, डिझाइन आमचंच, आणि त्यावर आमचं लेबल चिकटवायला माणसंही आमचीच. तेव्हाच कळायला पाहिजे होतं खरं तर.

साठ दिवसांची नोटीस मिळाली, एक फोल्डर मिळालं, त्यात रेझ्युमे कसा लिहायचा वगैरे. टीएएचं नावही नव्हतं त्यात. ते कळलं आमच्यातल्या एका वयस्कर बाईकडून, तिची आधीची मोज्यांची फॅक्टरी अशीच गेली होती. ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स. १९७४च्या ट्रेड अ‍ॅक्टमधली योजना, बाहेरच्या मालामुळे नोकरी गेली असेल तर फेडरल सरकार नवीन शिक्षणाचा खर्च द्यायचं आणि शिकत असेपर्यंत आठवड्याला पैसे. पण आपोआप काही मिळायचं नाही, आधी कुणीतरी पिटिशन, म्हणजे अर्ज, टाकावं लागायचं. कंपनी टाकू शकायची, युनियन टाकू शकायची, नाहीतर कामगारांनी स्वतः. युनियन आमच्याकडे नव्हतीच. मग आम्ही तिघं तिच्या किचनमध्ये बसलो आणि फॉर्म भरला. कारखान्यात काय बनतं, काम कमी का झालं, आयातीमुळे झालं असं का वाटतं, असले प्रश्न. माझ्या फोनमध्ये त्या रोलच्या प्लास्टिकवरच्या 'मेड इन चायना' स्टिकरचा फोटो होता, सहज काढलेला, तो जोडला. पुढची चौकशी लेबर डिपार्टमेंट स्वतः करायचं, कंपनीकडून आणि तिच्या गिऱ्हाइकांकडून आकडे मागवायचं.

मिल बंद झाल्यावर दोन आठवड्यांनी मंजुरी आली. पिटिशनच्या आधीच्या एका वर्षात ज्यांना काढलं होतं तेही त्यात बसले, त्यातल्या बऱ्याच जणांना आम्हीच फोन करून सांगितलं.

आता माझी चूक. मंजुरीनंतर एक पत्र आलं, मी ते ग्रोसरीच्या कूपनांच्या गठ्ठ्यात टाकलं, म्हटलं आधी नोकरी बघू, कॉलेजचं जानेवारीत बघू. जुलैत हिने तो गठ्ठा आवरायला काढला आणि पत्र वाचून माझ्यासमोर आपटलं. त्यात लिहिलं होतं की नोकरी गेली ती तारीख किंवा मंजुरीची तारीख, जी नंतरची असेल तिच्यापासून २६ आठवड्यांत ट्रेनिंगला नाव लागलं पाहिजे, नाहीतर टीएएचा आठवड्याचा भत्ता नाही. म्हणजे सप्टेंबर! जानेवारीची वाट बघत बसलो असतो तर भत्ता गेला असता. इकडे बेकारी भत्ता तेव्हा जास्तीत जास्त ३५० डॉलर आठवड्याला होता आणि तोही फक्त १२ आठवडे, तो तर केव्हाच संपला होता.

मग धावपळ. ट्रेनिंग मंजूर व्हायला सिद्ध करावं लागायचं की तुमच्या लायकीची नोकरी आसपास नाही, आणि शिकून झाल्यावर मिळायची शक्यता आहे. मी मेंटेनन्स टेक्निशियनच्या जाहिराती प्रिंट करून नेल्या. कॉलेजला हायस्कूलचं सर्टिफिकेट पाहिजे, माझं दहावीनंतर थेट टेक्स्टाइल डिप्लोमा, बारावीच नाही! काउंटरवरची मुलगी दहावीचं मार्कशीट उलटंसुलटं करून बघत होती. शेवटी डिप्लोमाचं इव्हॅल्युएशन, म्हणजे तो इकडच्या कुठल्या शिक्षणाच्या बरोबरीचा ते, करून घेतलं, ते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हातात पडलं. वर्ग त्याच महिन्यात सुरू.

पन्नाशीच्या वरच्यांना दुसरा रस्ता पण होता. कमी पगाराची नोकरी धरायची आणि जुन्या-नव्या पगारातला निम्मा फरक सरकार भरून द्यायचं, दोन वर्षांत मिळून कमाल १०,००० डॉलर, पण वर्षाची कमाई ५०,००० च्या आत असावी लागायची. माझ्या एका मित्राने तेच घेतलं, गोडाऊनमध्ये लागला, घराचे हप्ते होते त्याचे, त्याला दोष देत नाही.

इथल्या मराठी मंडळात मात्र मी कुणाला बोललो नव्हतो. तिथे सगळे बँकेतले नाहीतर सॉफ्टवेअरवाले. गणपतीत एका भावोजींनी कसं कोण जाणे ऐकलं आणि बाजूला घेऊन म्हणाले, अहो सरकारी मदत घेऊ नका, सिटिझनशिपला अडकेल. दोन रात्री झोप नाही. नंतर वकिलाला विचारलं, ती म्हणाली बेकारी भत्ता काय आणि हा काय, दोन्ही नोकरीवरून मिळणारे हक्काचे पैसे आहेत, त्याने काही अडकत नाही.

दोन वर्षं पीएलसी (मशीन चालवणारे कंट्रोलर), हायड्रॉलिक्स, वेल्डिंग. फी, पुस्तकं, टूल्सचा बॉक्स, सगळं टीएएने भरलं. दर आठवड्याला हजेरीच्या कागदावर प्रत्येक मास्तरची सही, माझ्या मुलाच्या वयाचे मास्तर. सुट्टी ३० दिवसांपेक्षा मोठी असली की भत्ता थांबायचा, म्हणून उन्हाळ्यातही क्लास घेतले. बाबा लालबागला गिरणीत होते, ८२च्या संपानंतर परत आत गेलेच नाहीत, आम्ही गावाला आलो. त्यांना फोनवर सांगितलं तर किती वेळ गप्पच. मग म्हणाले, "गिरणी बंद झाली, आणि फी सरकार भरतंय? तुझी?"

२०२०पासून एका प्लांटमध्ये मेंटेनन्सला आहे, पगार मिलपेक्षा थोडा जास्तच. गेल्या वर्षी शेजारच्याची फर्निचर फॅक्टरी बंद पडली, तो माझ्याकडे आला, मी उत्साहाने जुनी फाइल काढली. नीट बघितलं तेव्हा कळलं, १ जुलै २०२२पासून नवीन पिटिशन मंजूरच करत नाहीत, काँग्रेसने मुदत वाढवली नाही. फाइल तशीच टेबलावर, तो कॉफी पिऊन गेला.